वारसदारांचा खेळ : टेबलटॉप भूमिकाखेळ आणि नव्या पिढीचा प्रश्न

प्रस्तावना

योहान हुइझिंगा यांनी १९३८ मध्ये 'होमो लुडेन्स' या ग्रंथातून खेळ आणि संस्कृती यांच्या संबंधांची मांडणी केली. पुढे १९५८ मध्ये रॉजर काय्वा यांनी खेळांचे स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवळ असे चार वर्ग केले. त्यानंतर खेळ हा मानव्यविद्यांच्या अभ्यासाचा विषय मानण्यास फारशी हरकत उरली नाही. काय्वा यांच्या मांडणीत एक विधान विशेष लक्षणीय आहे. खेळ एकतर नियमबद्ध असतो किंवा 'जणू काही'च्या कल्पनेवर उभा असतो. दोन्ही एकाच वेळी असत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. बुद्धिबळात नियम असतात, भातुकलीत कल्पना असते. या विधानाला छेद देणारा खेळ त्यानंतर सोळा वर्षांनी अमेरिकेत प्रकाशित झाला. १९७४ मध्ये आलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा तो खेळ होय. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराला मराठीत 'भूमिकाखेळ' म्हणता येईल.

या खेळाचे स्वरूप थोडक्यात असे आहे. चार-सहा व्यक्ती टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक व्यक्ती प्रसंग सांगते, इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका स्वीकारून 'मी आता काय करतो' ते सांगतो, आणि परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो. प्रसंग सांगणाऱ्या व्यक्तीला इंग्रजीत 'डन्जन मास्टर' किंवा 'गेम मास्टर' म्हणतात. आपल्या नाट्यपरंपरेतील 'सूत्रधार' हा शब्द त्यास बराच जवळचा आहे. मात्र या सूत्रधाराला नांदीनंतर पडद्याआड जाण्याची मुभा नसते. शेवटपर्यंत सर्व गौण पात्रे, सर्व शत्रू, ऊन-पाऊस आणि न्यायनिवाडा हे सारे त्याच्याच वाट्याला येते. भातुकलीतील कल्पना आणि सोंगट्यांतील फासे यांचा हा संकर आहे.

या खेळाकडे नवे तरुण खेळाडू येत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. २०१४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची पाचवी आवृत्ती आली, २०१६ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेने हा खेळ घराघरांत दाखवला, आणि त्यानंतर खेळाची लोकप्रियता निश्चितपणे वाढली. त्यामुळे ही तक्रार आता निकालात निघाली असे काहींना वाटते. परंतु खेळाचे नाव ठाऊक असणे, तो पाहणे आणि चार मित्र जमवून तो स्वतः सुरू करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी वडीलधाऱ्यांच्या मदतीवाचून खेळ सुरू करणे हे १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत आणि युरोपच्या काही भागांत घडत होते. ते नंतर का मंदावले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

संगणकावरचा आरोप

या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे संगणक. मुले पडद्याला चिकटली, म्हणून टेबल ओस पडले, असे सांगितले जाते. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. भूमिकाखेळातील पात्राचे बळ वाढवणे, राक्षस मारणे, खजिना मिळवणे हा जो भाग आहे तो २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने अधिक तत्परतेने पुरवला. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये तर पाचव्या आवृत्तीचेच नियम संगणक स्वतः सांभाळतो. खेळणाऱ्याला ना मित्र जमवावे लागतात, ना बेरजा कराव्या लागतात.

परंतु कालक्रम पाहिला तर हे उत्तर डळमळीत होते. 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' हे संगणकावरील आद्य भूमिकाखेळ १९८१ मध्ये आले. आर्केडमधील यंत्रांची भरभराट याच काळातली. म्हणजे पडद्यावरील खेळांचा पहिला मोठा लोंढा ज्या वर्षांत आला, त्याच वर्षांत अमेरिकन शाळकरी मुले टेबलावरील भूमिकाखेळाकडे सर्वाधिक उत्साहाने वळत होती. उलट बाजूने पाहता, २०१४ नंतरची वाढ ही मोबाइल फोन प्रत्येकाच्या खिशात आल्यानंतरची आहे. जे कारण दोन्ही वेळा हजर असूनही अपेक्षित परिणाम घडवत नाही, त्याला मुख्य कारण मानता येत नाही.

पालकांच्या विरोधाचीही हीच गत आहे. १९८० च्या दशकात हा खेळ मुलांना सैतानी मार्गाला लावतो असा ओरडा अमेरिकेत झाला. १९८२ मध्ये 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' हा दूरचित्रपट आला, १९८३ मध्ये खेळाविरुद्ध संघटना स्थापन झाली. पण हा विरोध शिगेला पोहोचला तेव्हाच मुले खेळत होती. आज तो विरोध जवळजवळ मावळला आहे. दोष बाहेर शोधण्यापेक्षा खेळाच्या संहितेकडे पाहणे म्हणूनच अधिक फलदायी ठरते.

संहिता कोणासाठी लिहिली गेली?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला हा खेळ विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथून टीएसआर या छोट्या संस्थेने प्रसिद्ध केला. पहिल्या खेपेस एक हजार प्रती निघाल्या. एका लहान खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या. या पुस्तिका आज कोणी नवख्याने उघडल्या, तर त्याला खेळ म्हणजे नेमके काय करायचे याचा बोध होणार नाही. याचे कारण लेखकांची असमर्थता नव्हे. त्यांनी नवखा वाचक गृहीतच धरला नव्हता. सैनिकांच्या छोट्या प्रतिमा मांडून लढायांचे खेळ खेळणारी मंडळी हाच त्यांचा वाचकवर्ग होता. त्या वाचकाजवळ 'चेनमेल' (१९७१) ही गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांची युद्धखेळाची नियमपुस्तिका असेल, शिवाय अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीचा 'आउटडोअर सर्व्हायव्हल' हा पटही असेल, अशी अपेक्षा सामग्रीच्या यादीतच नमूद होती. म्हणजे जन्मापासूनच ही संहिता अपुरी होती, आणि अपुरेपणाची भरपाई वाचकाच्या पूर्वज्ञानाने व्हावी असा संकेत होता.

मग खेळ पसरला कसा? तो तोंडी पसरला. ज्याने एकदा कोणाच्या टेबलावर बसून खेळ अनुभवला, तो घरी जाऊन पुस्तिका वाचू शकला. कोकणातील दशावतारात संवादांची लिखित संहिता नसते. कथानक ठाऊक असते आणि बोलणे रंगमंचावर उभ्या उभ्या घडते. हे कसब नवा नट पेटाऱ्यातील कागद वाचून शिकत नाही, मंडळीत राहून शिकतो. भूमिकाखेळाचे वहनही मूलतः असेच आहे. फरक इतकाच, की दशावतार स्वतःला मौखिक परंपरा म्हणूनच ओळखतो, तर भूमिकाखेळ हा पुस्तक म्हणून विकला जातो. ग्राहकाला वाटते की आपण खेळ विकत घेतला. वस्तुतः त्याने खेळाचे टिपण विकत घेतलेले असते.

समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी मिनेसोटातील खेळाडूंचे निरीक्षण करून १९८३ मध्ये 'शेअर्ड फँटसी' हा ग्रंथ लिहिला. खेळताना माणूस एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरतो, असे त्यांनी दाखवले. तो एक व्यक्ती असतो, नियम वापरणारा खेळाडू असतो आणि काल्पनिक जगातील पात्रही असतो. मुरलेला खेळाडू या तीन पातळ्यांत सहज ये-जा करतो. नवख्याची अडचण नियमांच्या संख्येत फारशी नसते. 'मी' हा शब्द उच्चारताना आत्ता कोणता 'मी' बोलतो आहे, हे त्याला उमगत नाही, ही त्याची खरी अडचण होय. आणि नियमपुस्तके नेमकी याविषयी मौन पाळतात. ती तलवारीचे नुकसान, चिलखताचे वजन, मंत्राचा पल्ला सांगतात. पहिले वाक्य कोणी आणि कसे बोलायचे, ते सांगत नाहीत.

१९७७ ते १९७९ या काळात आलेल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' मालिकेने ही दरी वाढवली. तिच्यातील सूत्रधारासाठीचा ग्रंथ दोनशेहून अधिक पानांचा आहे. गायगॅक्स यांची शब्दकळा समृद्ध, काहीशी जडजंबाल. मांडणी कोष्टकांच्या अरण्यासारखी. अनेक प्रौढ खेळाडू आजही या ग्रंथावर प्रेम करतात आणि ते प्रेम अनाठायी नाही. पण तो ग्रंथ ज्याला खेळ आधीच येतो त्याच्याशी बोलतो.

लाल पेटीचा अपवाद

याला अपवाद घडले, आणि तेच सर्वांत उद्बोधक आहेत. पहिला अपवाद जे. एरिक होम्स यांचा. होम्स हे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात मज्जाशास्त्राचे प्राध्यापक होते. नवख्यांना कळेल अशी प्रवेशिका लिहून देण्याची तयारी त्यांनी स्वतःहून दाखवली आणि १९७७ मध्ये पहिला 'बेसिक सेट' निघाला. व्यावसायिक लेखकांना न सुचलेली गोष्ट एका अध्यापकाला सुचावी, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पुढे १९८१ मध्ये टॉम मोल्डव्हे यांनी आणि १९८३ मध्ये फ्रँक मेंट्झर यांनी या संचाच्या नव्या आवृत्त्या सिद्ध केल्या.

मेंट्झर यांची आवृत्ती 'लाल पेटी' म्हणून ओळखली जाते. तिच्या खेळाडूंसाठीच्या पुस्तिकेत आरंभी नियम नाहीतच. आरंभी गोष्ट आहे. वाचक हाच योद्धा; तो एका गुहेत शिरतो, सापाशी झुंजतो, अलीना नावाची धर्मसेविका त्याला भेटते, त्याच्या जखमा भरते, आणि थोड्याच वेळात बार्गल नावाच्या दुष्ट मांत्रिकाच्या हातून मारली जाते. या ओघात वाचकाला फासा कधी टाकायचा, जखम कशी मोजायची, मांत्रिकाच्या मोहिनीतून सुटायचे म्हणजे काय करायचे, हे एकेक करून कळते. गोष्ट संपते तेव्हा दहा वर्षांच्या मुलाने एकट्याने खोलीत बसून, कोणाही जाणत्याच्या मदतीवाचून, खेळ खेळलेला असतो. त्यानंतर त्याच पुस्तिकेत एकट्याने खेळण्याचे आणखी एक साहस येते, आणि मग दुसरी पुस्तिका त्याला सूत्रधार होण्यास शिकवते.

अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने या रचनेचे महत्त्व मोठे आहे. फाइन यांच्या तीन पातळ्यांचा पेच येथे सोडवलेला दिसतो. वाचक प्रथम पात्र होतो, मग खेळाडू, आणि शेवटी सूत्रधार. शिवाय अलीनाचा मृत्यू हा नुसता कथेचा भाग नाही. आपल्या निर्णयांना या जगात परिणाम आहेत, आणि सगळे आपल्या हाती नाही, हे त्या एका प्रसंगाने मुलाला कळते. अनेक माणसे चाळीस वर्षांनंतरही या काल्पनिक धर्मसेविकेविषयी हळहळीने बोलतात. इतका परिणाम साधणारी नियमपुस्तिका विरळाच. लाल पेटीचे फ्रेंच, जर्मन, इटालियन, जपानी अशा भाषांत अनुवाद झाले.

प्रश्न असा पडतो, की सिद्ध झालेली ही रीत पुढे मागे का पडली? प्रयत्न थांबले होते असे नाही. १९९३ मध्ये टीएसआरने 'ड्रॅगनस्ट्राइक' या संचासोबत व्हिडिओ कॅसेट दिली, १९९४ च्या 'फर्स्ट क्वेस्ट'मध्ये ध्वनिमुद्रित सीडी दिली. पण या संचांतून बाहेर पडलेल्या मुलाला पुढची पायरी म्हणून तीच जाडजूड पुस्तके दाखवली जात. दरम्यान कंपनी आपल्या जुन्या ग्राहकांसाठी नवनवी काल्पनिक विश्वे काढत होती. 'स्पेलजॅमर' (१९८९), 'रेव्हनलॉफ्ट' (१९९०), 'डार्क सन' (१९९१), 'प्लेनस्केप' (१९९४), 'बर्थराइट' (१९९५). कल्पनेच्या दृष्टीने यांतील काही फारच सरस आहेत. व्यवहाराच्या दृष्टीने तोच ग्राहक तुकड्या-तुकड्यांत वाटला गेला. १९९७ मध्ये टीएसआर विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली. 'मॅजिक : द गॅदरिंग' हा १९९३ चा पत्त्यांचा खेळ या खरेदीदार कंपनीचा होता, आणि तो दोघांत, मधल्या सुट्टीत, अर्ध्या तासात खेळता येत होता!

युद्धखेळांचा इतिहास येथे आठवावा असा आहे. भूमिकाखेळाचा हा जन्मदाता प्रकार १९५०-६० च्या दशकांत अ‍ॅव्हलॉन हिलमुळे अमेरिकेत रुजला. पुढे जाणत्या खेळाडूंना आणखी तपशील हवा झाला आणि प्रकाशक तो पुरवत गेले. १९७९ मध्ये एसपीआय या संस्थेने काढलेल्या 'द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका' या खेळात इटालियन तुकड्यांना पास्ता शिजवण्यासाठी पाण्याचा जादा शिधा द्यावा लागतो, असा नियम आहे. हा खेळ पूर्ण करण्यास शेकडो तास लागतात. त्या नियमात थोडी थट्टाही असावी. पण ज्या खेळाला अशी थट्टा परवडते त्याला नवा खेळाडू परवडत नाही. १९८२ मध्ये एसपीआय टीएसआरच्या ताब्यात गेली, १९९८ मध्ये अ‍ॅव्हलॉन हिल हॅस्ब्रोला विकली गेली. जाणत्या ग्राहकाच्या मागणीनुसार चालत राहणे प्रत्येक वर्षी शहाणपणाचे दिसते, आणि त्यातूनच ग्राहकाचे सरासरी वय वाढत जाते.

सूत्रधाराचा भार

या खेळातील विषमता इतर कोणत्याही टेबलावरील खेळात आढळत नाही. कॅरममध्ये चौघेही समान. भूमिकाखेळात चौघांनी यायचे आणि एकाने घडवायचे. सूत्रधाराने नियम वाचायचे, प्रसंग आधी रचायचे, तीन-चार तास बोलायचे, कोणी रुसले तर समजूत घालायची. पाचव्या आवृत्तीची तीन मूळ पुस्तके प्रत्येकी ४९.९५ डॉलरची होती; खेळाडूला त्यांतील एक पुरत असे, सूत्रधाराला तिन्ही लागत. म्हणजे वेळ, श्रम आणि पैसा या तिन्हींचा मोठा वाटा एकाच मुलावर पडतो. एखाद्या गल्लीत पाच उत्सुक मुले असली, तरी सहावे मूल हा भार उचलणारे नसेल तर खेळ होत नाही. खेळाडूंची टंचाई म्हणून जी मोजली जाते, ती पुष्कळदा सूत्रधारांची टंचाई असते.

यावर तोडगा म्हणून नियम कमी करावेत असे सुचवले जाते, आणि त्याप्रमाणे घडलेही आहे. जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' (२०१३) आणि ग्रँट हाउइट यांचा 'हनी हाइस्ट' (२०१७) हे खेळ एकेका पानात मावतात. रचना म्हणून ते देखणे आहेत. तरीही ते नवख्यांचे खेळ नव्हेत. एका पानाच्या संहितेत जे लिहिलेले नाही ते सूत्रधाराने आपल्या अनुभवातून भरायचे असते. चीज लिहिलेली वही लहान असते म्हणून ख्याल गाणे सोपे होत नाही. संक्षेप आणि सुलभता यांची गल्लत या क्षेत्रातील जाणकारही करतात, याचे नवल वाटते.

दुकान, किंमत आणि भाषा

अमेरिकेबाहेरील उदाहरणे पाहिली तर प्रश्न अधिक स्पष्ट होतो. ब्रिटनमध्ये स्टीव्ह जॅक्सन आणि इयान लिव्हिंगस्टन यांचे 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' १९८२ मध्ये पफिन या बालपुस्तकांच्या प्रकाशनाने काढले. वाचकाने निर्णय घेत, फासे टाकत वाचायची ही कादंबरी. तिच्या यशानंतर १९८४ मध्ये त्याच मालिकेत मित्रांसह खेळण्याचे नियम स्वस्त कागदी बांधणीत आले. १९८५ मध्ये डेव्ह मॉरिस आणि ऑलिव्हर जॉन्सन यांचा 'ड्रॅगन वॉरियर्स'ही तशाच बांधणीत आला. ही पुस्तके नेहमीच्या पुस्तकांच्या दुकानात, मुलांच्या कप्प्यात, खाऊच्या पैशांत मिळत. स्वीडनमध्ये १९८२ पासून 'द्राकार ओक देमोनेर' आणि जर्मनीत १९८४ पासून 'दास श्वार्त्से आउगे' हे खेळ मुलांच्या स्वतःच्या भाषेत मिळू लागले.

जपानचे उदाहरण तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावे. १९८६ मध्ये 'कॉम्प्टिक' या नियतकालिकात 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर' ही लेखमाला सुरू झाली. ती कादंबरी नव्हती. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रत्यक्ष खेळताना खेळाडू काय बोलले याची ती नाट्यसंहितेसारखी नोंद होती. कादंबरी, चित्रपटमालिका हे सर्व नंतरचे. जपानी भाषेत या प्रकाराला 'रीप्ले' म्हणतात. नियमपुस्तकात जे सांगता येत नाही, म्हणजे पहिले वाक्य कोणी आणि कसे बोलायचे, नेमके ते या नोंदी दाखवतात. पुढे १९८९ मध्ये र्‍यो मिझुनो आणि ग्रुप एसएनई यांनी 'सोर्ड वर्ल्ड' हा खेळ 'बुंको' या खिशात मावणाऱ्या स्वस्त आकारात काढला. त्याला वीस बाजूंचे वगैरे खास फासे लागत नाहीत; घरोघरी असणारे सहा बाजूंचे साधे फासे पुरतात. ज्या वाचनालयात किंवा रेल्वे स्थानकावरील दुकानात मुले कथा-कादंबऱ्या शोधत, त्याच आकाराचे, त्याच किमतीचे पुस्तक म्हणून खेळ त्यांच्यापुढे आला.

याच्या तुलनेत अमेरिकन मुलापुढील वाट पाहावी. मोठ्या आकाराचे, पक्क्या बांधणीचे, सचित्र पुस्तक; ते मिळण्याचे ठिकाण म्हणजे छंदांच्या वस्तूंचे खास दुकान. तेथे मागच्या बाजूच्या टेबलावर प्रौढ मंडळी वर्षानुवर्षे खेळत असतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण त्यांचे विनोद, त्यांचे संदर्भ, कोणती आवृत्ती श्रेष्ठ हा त्यांचा कायमचा वाद, हे सारे तेरा वर्षांच्या मुलाला, आणि मुलीला अधिकच, 'हे घर दुसऱ्यांचे आहे' असे सांगत असते. मुंबई-पुण्यातील या खेळाचे छोटे गटही बहुतांशी इंग्रजीतून खेळतात. खेळ बोलण्यावरच उभा असल्यामुळे मराठी माध्यमातील मुलासाठी तेथे आणखी एक उंबरठा तयार होतो, याची येथे नुसती नोंद करणे पुरेसे आहे.

पाहणारे आणि खेळणारे

२०१५ मध्ये 'क्रिटिकल रोल' या कार्यक्रमाचे प्रक्षेपण सुरू झाले. मॅथ्यू मर्सर हे सूत्रधार आणि त्यांचे सहकारी व्यवसायाने आवाजाचे कलावंत आहेत. तीन-चार तासांचे त्यांचे खेळ असंख्य तरुण पाहतात. एका अर्थी जपानी 'रीप्ले'चे काम हा कार्यक्रम करतो. खेळ कसा दिसतो, कसा ऐकू येतो, हे पाहणाऱ्याला समजते. अनेकांनी यातूनच पहिले पाऊल टाकले आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु लिखित नोंद आणि अभिनीत प्रयोग यांत भेद आहे. छापील 'रीप्ले' वाचणारा मुलगा संवाद आपल्या आवाजात वाचतो. पडद्यावरील प्रयोग पाहणाऱ्यापुढे सिद्धहस्त नटांचा आवाज असतो आणि त्याची स्वतःशी तुलना अटळ असते. सूत्रधार म्हणजे असा, हा मापदंड एकदा मनात बसला की शाळकरी मुलाला आपला अडखळणारा पहिला प्रयत्न लाजिरवाणा वाटू लागतो. खेळाडूंमध्ये या अपेक्षाभंगाला मर्सर यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यात त्यांचा काही दोष नाही. १९८३ मधील मुलाने चांगला सूत्रधार कधी पाहिलेलाच नव्हता. तो बेधडक वाईट सूत्रधार झाला, आणि दोन-तीन वर्षांत बरा झाला.

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत आणि शाळांत भरणारे भूमिकाखेळाचे वर्ग हा अलीकडचा आशादायक भाग आहे. तेथे दुकानाचा उंबरठा नाही, पुस्तक विकत घ्यावे लागत नाही. मात्र अशा वर्गांत सूत्रधाराच्या खुर्चीवर बहुधा ग्रंथपाल किंवा शिक्षक बसतात. मुले खेळतात आणि वेळ संपली की घरी जातात. ती खुर्ची मुलांकडे कधी दिली जाते, आणि दिल्यावर प्रौढ व्यक्ती खोलीबाहेर जाते की मागे उभी राहून सुचवत राहते, यावर या वर्गांचे मोल ठरेल.

आठवणींचे वेष्टन

प्रकाशकांच्या अलीकडच्या निर्मितीकडे पाहता एक विसंगती ठळकपणे जाणवते. २०१० मध्ये चौथ्या आवृत्तीसाठी नवख्यांचा संच काढण्यात आला, तेव्हा त्याच्या पेटीवर लॅरी एल्मोर यांनी १९८३ साठी काढलेले लाल ड्रॅगनचे चित्र पुन्हा छापण्यात आले. दहा वर्षांच्या मुलाला त्या चित्राची ओळख असण्याचे कारण नव्हते. ओळख होती ती त्याच्या वडिलांना. २०१९ च्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' संचाचे विश्व १९८० च्या दशकातले. २०२४ मध्ये, खेळाच्या पन्नासाव्या वर्षी, सूत्रधारांसाठीच्या नव्या ग्रंथात नमुना म्हणून जे काल्पनिक जग दिले गेले ते ग्रेहॉक, म्हणजे गायगॅक्स यांचे १९७० च्या दशकातील जग. २०२५ मध्ये आलेला नवख्यांचा संच 'हीरोज ऑफ द बॉर्डरलँड्स' हा 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' या गायगॅक्स यांच्याच जुन्या साहसावर बेतलेला आहे.

या निवडींच्या बाजूने बोलता येते. जुने साहस चांगले होते. त्यात नव्या सूत्रधारासाठी सूचना होत्या, आणि मुलासाठी पेटी विकत घेणारा बहुधा बापच असतो. २०१४ आणि त्यानंतरच्या संचांत शिकवण्याची तळमळही दिसते. तरीपण नवख्याच्या स्वागतासाठी काढलेल्या प्रत्येक पेटीवर जुन्या खेळाडूच्या बालपणाचे चित्र असावे, हे त्या पेटीचा मनातला वाचक कोण आहे ते सांगून जाते. मेंट्झर यांच्या पुस्तिकेने मुलाच्या हाती दिलेली गुहा त्या मुलाच्या आधी कोणाचीच नव्हती. आजच्या मुलाला बॉर्डरलँड्समधील गढी मिळते ती वडिलांनी आधीच जिंकलेली, आणि शेजारच्या खुर्चीत वडील बसलेले असतात, कोणत्या गुहेत काय आहे हे न सांगण्याचा प्रयत्न करत.